पाकिटावर काय लिहू, बीपी की केस?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मधली औषधांची नावं तेवढी कापू नका, सगळी गोम त्या नावांतच आहे.

मी प्रताप नगरकडे औषधांचं दुकान चालवते. नागपुरात नुसतं मेडिकल म्हटलं की लोकांना मेडिकल चौकातला सरकारी दवाखानाच आठवतो म्हणून दुकान म्हणते. दुकान सासऱ्यांनी टाकलेलं, मी डी.फार्म. करून आलेली, लग्नानंतर त्याच काउंटरला उभी राहिले ते आज २३ वर्षं उभीच आहे. तर मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पानभर जाहिरात होती, लग्नसराईचं पॅकेज, त्यात ग्लोची म्हणजे गोरं व्हायची सलाईन, बोटॉक्स, केसांचं पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला भाग काढून डोक्यात टोचायचा), लेझर असं सगळं एका ताटात वाढल्यासारखं, आणि ते पान हातात घेऊन दोन पोरी सोमवारी सकाळी सकाळी दुकानात हजर, काकू ही सलाईन तुमच्याकडे सुटी केवढ्याला पडेल म्हणून. तेव्हाच ठरवलं की बाप्पा आता लिहायचंच.

पण सुरुवात माझ्याच दुकानातल्या चुकीपासून करते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई दुसऱ्यांनाच शिकवून राहिली.

आमच्याकडे एक सवय असते, बहुतेक दुकानांत असते. गोळ्या पाकिटात टाकून देताना वर बॉलपेनने लिहायचं, शुगर, बीपी, गॅस, थायरॉइड, आणि खाली सकाळ-संध्याकाळच्या रेघा. म्हाताऱ्या माणसांना स्ट्रिपवरचं ते मुंगीएवढं इंग्रजी दिसत नाही, त्यांचं सगळं त्या बॉलपेनवर चालतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिका बाईंची चिठ्ठी आली, मिनॉक्सिडिल अडीच मिलिग्रॅम, अर्धी गोळी रात्री. टायफॉइड होऊन गेल्यावर केस मुठीमुठीने गळत होते त्यांचे. मी त्या वेळी गंजीपेठेत दवा बाजारात माल आणायला गेलेली, काउंटरला पोरगा होता. पोरगा हुशार आहे, त्याला माहिती की मिनॉक्सिडिल मुळात बीपीची गोळी, त्याने पाकिटावर ठळक अक्षरात लिहून दिलं, बीपी.

आता याला चूक म्हणावं तर पंचाईत. मिनॉक्सिडिलची गोळी खरंच बीपीसाठी आलेली, अमेरिकेत १९७९ मधे, आणि तीही बाकी औषधांना न जुमानणाऱ्या बीपीसाठी, दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम अशा डोसमधे. ती खाणाऱ्या लोकांच्या गालावर, कपाळावर, हातावर केस यायला लागले, त्यावरून डॉक्टरांच्या डोक्यात आलं की मग हेच टकलाला लावून पाहू, आणि १९८८ मधे लावायचं लोशन तिथे केसांसाठी मंजूर झालं. लोशन मंजूर आहे, गोळीला मात्र केसांसाठी तशी मंजुरी अजून नाही. तरी आज त्वचेचे डॉक्टर एकदम कमी डोसमधे ही गोळी केसांसाठी देतात, नुसते नागपुरात नाही, बाहेरच्या देशांतही देतात, आणि पुष्कळांना फरक पडतो हे मी काउंटरवरून बघतेच आहे. यालाच ऑफ-लेबल म्हणतात. म्हणजे गोळी तीच, पण डबीतल्या पत्रकात तिचं काम एक लिहिलंय आणि आपण तिच्याकडून दुसरंच करून घेतोय.

तर बाईंच्या सासूबाईंना बीपी आहे. रविवारी दुपारनंतर आमचं दुकान बंद असतं, त्यांची रोजची गोळी नेमकी संपलेली, आणि फ्रिजवर हे पाकीट पडलेलं, बीपी लिहिलेलं. त्यांनी सुनेची गोळी घेतली, आणि अर्धीने आपल्याला काय होणार म्हणून अख्ख्या दोन घेतल्या. रात्री छातीत धडधड, उठायला गेल्या तर डोळ्यापुढे अंधारी, बाथरूमच्या उंबऱ्यावर बसल्या त्या तिथेच बसल्या. धंतोलीत दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवलं, सकाळी घरी आल्या, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी बाई दुकानात आल्या आणि पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "ताई, डॉक्टर म्हणतात केसांची, तुमचा पोरगा म्हणतो बीपीची, मग मी दोन महिने खाऊन काय राहिले?" उत्तर होतं माझ्याकडे, पण द्यायला तोंड नव्हतं.

मग ती चिठ्ठी काढून पाहिली, मोबाइलमधे फोटो होता. नाव, वय, गोळी, डोस, सही, शिक्का. गोळी कशासाठी दिली ते कुठेच नाही. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं बाईंच्या डोक्यात, पत्रकातलं माझ्या पोराच्या डोक्यात, आणि बॉलपेनचं सासूबाईंच्या.

माझं मागणं एवढंच आहे की चिठ्ठीवर औषधाच्या पुढे एक शब्द मराठीत लिहा. केस. वांग. मुरूम. आणि पत्रकात हे काम नाहीये, मी माझ्या अनुभवावर देतोय, हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगा. एवढं जरी झालं ना तरी माझ्या काउंटरवरचे निम्मे घोळ संपतील.

ऑफ-लेबल म्हणजे फसवाफसवी असं मी अजिबात म्हणत नाहीये, गैरसमज नको. उलट ही अख्खी सौंदर्याची दुकानदारीच त्यातून उभी राहिलीय. बोटॉक्स घ्या, म्हणजे स्नायू ढिले करणारं एका जंतूचं विष. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अॅलन स्कॉट हे डोळ्यांचे डॉक्टर, तिरळेपणावर इलाज शोधत होते, त्यांनी हे विष थेंबाच्या कितीतरी कमी प्रमाणात वापरून पाहिलं, आणि १९८९ मधे अमेरिकेत ते तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटायच्या आजारासाठी मंजूर झालं. तिकडे कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स बाई डोळ्यांच्या डॉक्टर आणि त्यांचे नवरे अॅलेस्टर त्वचेचे डॉक्टर. पापण्यांची एक पेशंट बाईंना म्हणाली की तुम्ही इंजेक्शन दिलं की माझ्या भिवयांमधल्या आठ्या जातात. ही १९८७ ची गोष्ट. नवराबायकोने १९९२ मधे त्यावर पेपर छापला, आणि आठ्यांसाठी अमेरिकेत सरकारी मंजुरी मिळाली ती २००२ मधे. मधली दहा वर्षं जे काही चाललं ते सगळं ऑफ-लेबलच की. कपाळाच्या आडव्या रेषांना तर २०१७ उजाडलं. जबडा बारीक दिसावा म्हणून गालाच्या स्नायूत जे इंजेक्शन आजकाल मारून राहिले ते पण ऑफ-लेबलच सुरू झालेलं.

म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही, पण त्या कंपनीलाही मोकाट सोडलं नव्हतं हे पण सांगायला पाहिजे. अमेरिकेत डॉक्टरला ऑफ-लेबल लिहायची मुभा आहे, पण कंपनीने त्याचा प्रचार करायचा नाही. बोटॉक्सवाल्या अॅलर्गन कंपनीने डोकेदुखी वगैरे मंजूर नसलेल्या कामांसाठी प्रचार केला म्हणून २०१० मधे कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलर भरले. मजा म्हणजे त्याच वर्षी जुनाट मायग्रेनसाठी बोटॉक्सला मंजुरी मिळाली. म्हणजे इलाज बरोबर निघाला तरी आधी ढोल वाजवल्याबद्दल दंड.

आपल्याकडे ढोल कोण वाजवतो ते तुमच्या पुरवणीतच आहे, राग मानू नका.

आता माझ्या भाचीचं सांगते, कारण खरी झोप उडाली ती तिच्यामुळे. मिहानला नोकरीला आहे, रोज गाडीवर जाते, तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल, हातात ते लांब मोजे, तरी आपलं पंचेचाळीसचं ऊन ते. दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. एका मोठ्या क्लिनिकमधे गेली. तिथून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड २५० मिलिग्रॅम, दोन वेळा, तीन महिने अशी चिठ्ठी घेऊन आत्याकडे आली, आत्याकडे दहा टक्के सूट असते म्हणून. मी गोळी काढायला वळले आणि सहज विचारलं, आणखी काही? तर म्हणे हो नं आत्या, पाळीवाली पण एक पत्ता दे, या महिन्याची संपली. माझा हात ड्रॉवरमधेच राहिला.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव थांबवायचं औषध आहे, जपानमधे उताको ओकामोटो नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने १९६२ मधे शोधलं, बाळंतपणात रक्त वाहून बायका मरतात ते थांबावं म्हणून. फार मोठं काम. आज पाळीत जास्त जात असेल तरी तेच देतात, दात काढल्यावरही देतात. रक्ताची गुठळी विरघळू न देणं हेच त्याचं काम. आणि भाची पाळी नियमित यावी म्हणून जी गोळी आठ महिने घेत होती ती इस्ट्रोजेनची, गर्भनिरोधक जातीची, तिने मुळातच पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. एक गोळी गुठळी करू पाहणार आणि दुसरी ती झालेली विरघळू देणार नाही. दोन्ही एकाच पर्समधे.

आणि याच्यावर कडी म्हणजे त्या पाळीच्या गोळीनेसुद्धा वांग येतात! हे काही मी शोधलेलं नाही, गरोदरपणात आणि या गोळ्यांनी वांग येतात हे पुस्तकात आहे. तिचे डाग गोळी सुरू केल्यावर चार महिन्यांनीच आले होते. म्हणजे ऊन होतं, गोळी होती, आणि इलाज म्हणून तिसरंच काहीतरी त्यावर चढवणार होते.

मी विचारलं, डॉक्टरने विचारलं नाही का तुला दुसरं काय घेतेस म्हणून? तर म्हणे फॉर्म भरून घेतला होता. फॉर्मचा फोटो पाहिला, तीन पानं इंग्रजी, त्यात दुसऱ्या पानावर अठराव्या नंबरला गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रश्न आहे, समोर हो-नाहीचे चौकोन, हिने सगळ्यालाच नाही केलंय. का? तर चेहऱ्याला बधिर करायचं क्रीम लावून झोपवलं होतं लेझरसाठी, त्याच वेळी रिसेप्शनची मुलगी पॅड घेऊन आली, मॅम इथे इथे टिक करा आणि इथे सही. शिवाय हिच्या डोक्यात ती गर्भनिरोधक गोळी नाहीच आहे, पाळीची गोळी आहे, कारण तिच्या पाकिटावर कोणीतरी (मीच असेन) बॉलपेनने पाळी लिहिलेलं आहे. कळतंय ना कसं होतं ते.

डॉक्टरांना फोन लावला. खरं सांगते, भांडायच्या तयारीने लावला होता, पण बाई समजूतदार निघाल्या. आधी ट्रॅनेक्झॅमिकची गोळी थांबवा म्हणाल्या, मग दहा मिनिटं बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की ताई वांगावर हे औषध बिनबुडाचं नाही, त्यावर अभ्यास झालेत, डाग फिके होतात, आम्ही काही हवेत गोळीबार करत नाही. मग पत्रकात का नाही येत, तर म्हणाल्या येणार कसं, हे औषध जुनं, स्वस्त, पेटंट कधीच संपलेलं, दहा कंपन्या बनवतात, नवीन कामासाठी मंजुरी घ्यायची तर पुन्हा चाचण्या, पुन्हा कागदपत्रं, तो खर्च कोणती कंपनी करेल आणि करून फायदा बाकीच्या नऊ जणांना. हे मला पटलं. इतकी वर्षं दुकान चालवते पण हा हिशोब कधी डोक्यात आला नव्हता. पण मी पण म्हटलं, मॅडम, मग हेच माझ्या भाचीला सांगायला काय झालं होतं? पत्रकात नाही पण आम्ही देतो, अमुक असेल तर देत नाही, तुला ते आहे का, एवढे तीन वाक्यं. त्या म्हणाल्या दिवसाला साठ पेशंट असतात. मी म्हटलं मला पण असतात.

नंतर मात्र त्यांनी नवीन चिठ्ठी पाठवली, नुसतं सनस्क्रीन आणि लावायचं क्रीम, आणि पुढे मराठीत लिहिलं, वांगासाठी. अक्षर वाईट होतं पण वाचता आलं.

असे किती सांगू. काचबिंदूचे थेंब आहेत, बिमॅटोप्रॉस्ट, ते टाकणाऱ्यांच्या पापण्या लांब व्हायच्या म्हणून अमेरिकेत २००८ मधे पापण्यांसाठीही मंजूर झाले, तिथे निदान ब्रश देतात आणि काय होऊ शकतं ते लिहून देतात. इथे कॉलेजच्या पोरी काचबिंदूचीच बाटली मागतात, रील पाहून, चिठ्ठी नाही काही नाही. पापणीची कातडी काळवंडू शकते, भुऱ्या डोळ्यांचा रंग कायमचा बदलू शकतो, डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात, हे रीलमधे नसतं. पोट्टे फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅमची मागतात, ती प्रोस्टेटची, केसांची १ मिलिग्रॅमची असते, पण पाचची ब्लेडने चार तुकडे केली की स्वस्त पडते असं गणित. एकाची बायको पोटुशी होती आणि हा किचनच्या ओट्यावर बसून गोळी कापायचा. गरोदर बाईने त्या गोळीच्या तुटक्या तुकड्याला, भुकटीला हातसुद्धा लावू नये, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. सांगितल्यावर त्याचं तोंड असं झालं की मी पैसे घ्यायचे विसरले.

वजनाच्या इंजेक्शनांवर तर वेगळं पत्र लिहावं लागेल, ते इथे नको.

पार्लरवाल्या पोरी बधिर करायच्या क्रीमच्या पाच-पाच ट्यूबा एकदम मागतात, लिग्नोकेन-प्रिलोकेनच्या. पायाला पूर्ण लावायची, वरून किचनमधलं प्लास्टिक गुंडाळायचं म्हणजे लेझरला दुखत नाही. अमेरिकेत असंच करून दोन तरुण मुली गेल्या, पंचविशीच्या आतबाहेरच्या, लेझरला जायच्या आधी पायाला क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलं होतं, २००७ मधे तिथल्या सरकारने त्यावर इशारा काढला. क्रीम कातडीतून रक्तात जातं, जितकी जागा मोठी, जितकं गुंडाळलेलं आणि गरम, तितकं जास्त. मी एका पोरीला हे सांगितलं तर म्हणे काकू तुम्ही नाही दिलं तर पुढच्या चौकात मिळते. खरंच मिळते. आणि मी शहाणपणा कशाला शिकवू, २०१८ च्या आधी आम्ही सगळेच स्टिरॉइडच्या ट्यूबा चण्याफुटाण्यासारख्या विकायचो, गोरं व्हायची ट्यूब द्या म्हटलं की काढून द्यायचो. त्वचेच्या डॉक्टरांच्या संघटनेनेच ओरड करून करून शेवटी त्या वर्षी सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमधे टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. मोमेटासोन, क्लोबेटासोल ही मलमं एक्झिमा-सोरायसिससाठी, आणि लोक ती महिनोन्महिने चेहऱ्याला चोपडायचे. आधी गोरं, मग पातळ लाल कातडी, उन्हात आग, मिशीच्या जागी लव, आणि बंद केलं की दुप्पट. त्या वेळी मी पण विकलंय. लिहिताना बरं वाटत नाही पण लिहिते.

मशिनांचं मला तितकं कळत नाही, तिथे मी जास्त बोलणार नाही. पण फिलरचं, म्हणजे चेहऱ्यात टोचून भराव करायच्या जेलचं, एक सांगते. एका संध्याकाळी साडेआठला एका क्लिनिकमधून फोन आला, हायल्युरोनिडेज इंजेक्शन आहे का, अर्जंट. मी म्हटलं ते तर डोळ्यांच्या ऑपरेशनला भूल नीट पसरावी म्हणून वापरतात, तुम्हाला कशाला? तर म्हणे नाकाला फिलर केलंय, कातडी पांढरी पडून राहिली. फिलरच्या जेलमधे जो पदार्थ असतो तो हे इंजेक्शन विरघळवतं, आणि हे विरघळवणंसुद्धा ऑफ-लेबलच आहे बरं का, पण इथे ते जीवदान आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरते, नाक आणि भिवयांच्या मधली जागा तर सगळ्यात वाईट, डोळा जाऊ शकतो, आणि मग घड्याळाशी शर्यत. माझ्याकडे नव्हतं. पोराला सीताबर्डीला एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या दुकानात पळवलं, त्याने वीस मिनिटांत गाडीवर आणलं, फ्रिजमधून बर्फात घालून. त्या पेशंटचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलं तर फोन उचलला नाही. उतारा घरात नसताना साप पाळला होता त्यांनी.

आणि बोटॉक्सची बाटली. ती २ ते ८ डिग्रीला ठेवावी लागते, पाणी मिसळल्यावर २४ तासांत वापरायची आणि एका बाटलीतून एकच पेशंट, असं पत्रकात असतं. पुष्कळ चांगले डॉक्टर पण त्याहून जास्त दिवस ठेवतात आणि त्याला अभ्यासाचा आधार आहे असं सांगतात, असेल. पण मे महिन्यात आपल्याकडे दुपारी लाइट गेली की माझा इन्सुलिनचा फ्रिज किती वेळात घाम टाकतो ते मला माहिती आहे. माझ्या फ्रिजचं टेम्परेचर तपासायला इन्स्पेक्टर येतात, एच-वनचं, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांचं, रजिस्टर उघडून बघतात, आणि बघायलाच पाहिजे. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला माझ्यासारखं दुकानाचं लायसन लागत नाही, कायद्यात तशी सूट आहे, ती गावखेड्यातल्या डॉक्टरसाठी गरजेचीही आहे. पण मग क्लिनिकच्या त्या छोट्या फ्रिजमधे बोटॉक्सच्या शेजारी केक ठेवलाय का ते कोण बघणार? (केक मी स्वतः पाहिलाय.) अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्कला एका स्पामधे स्वतःचंच रक्त काढून चेहऱ्याला टोचायचं ते व्हँपायर फेशियल चालायचं, तिथून बायकांना एचआयव्ही झाला, २०१८ मधे ते बंद केलं आणि २०२४ मधे त्यांच्या रोगनियंत्रण विभागाने त्याचा अहवाल छापला. सुया, नळ्या परत वापरल्या की काय होतं ते. त्यांच्याकडे निदान अहवाल तरी निघाला.

आता त्या दोन पोरींची सलाईन. ग्लुटाथिओन. हे आपल्या शरीरात आपोआप तयार होतं, इंजेक्शन लिव्हरच्या पेशंटना देताना मी पाहिलंय. गोरं व्हायला शिरेतून हे घेणं आणि वांगाला ट्रॅनेक्झॅमिक घेणं हे दोन्ही ऑफ-लेबलच, पण एकाच पारड्यात टाकू नका हो. ट्रॅनेक्झॅमिकच्या मागे अभ्यास आहेत. ग्लुटाथिओनच्या सलाईनने माणूस गोरा होतो याला तसा धड पुरावा नाही, अमेरिकेच्या औषध खात्याने गोरं करणारं एकही इंजेक्शन मंजूर केलेलं नाही, फिलिपिन्समधे तर गोरेपणाचं वेड आपल्याहून जास्त, त्यांच्याही सरकारने २०११ मधेच इशारा दिला, त्यात किडनी, थायरॉइड, अंगावर फोड येऊन कातडी सुटण्यापर्यंतचं लिहिलंय. इथे शब्द लिहायचा तर डॉक्टर काय लिहिणार, गोरेपणासाठी? लिहून दाखवा. मला वाटतं हा एक शब्द कागदावर लिहायची लाज वाटली तरी निम्म्या सलाईनी बंद होतील.

पोरींना मी सुटी सलाईन दिली नाही. एकीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. ती म्हणाली काकू मुलाकडच्यांनी फोटो पाहून हो म्हटलंय आणि फोटोत फिल्टर होता. यावर माझ्याकडे कुठलंच औषध नाही. बस म्हटलं, पाणी प्यायला दिलं, तिची आई डाएटच्या नावाखाली तिला एक वेळच जेवायला देते हे त्यात कळलं, मग आणखी अर्धा तास गेला, मागे गिऱ्हाईकं ताटकळली.

हेअर ट्रान्सप्लांटबद्दल नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मधे नियमावली काढली, त्यात स्पष्ट लिहिलं की वर्कशॉपमधे बघून किंवा यूट्यूबवर बघून हे शिकलं असं होत नाही. चला, कुठेतरी सुरुवात झाली. तसं या गोळ्या-इंजेक्शनांचं व्हावं, आणि फार मोठं काही नको, तो एक शब्द आणि मराठी फॉर्म, क्रीम लावायच्या आधी.

आमच्या दुकानात आम्ही एवढं केलंय की मिनॉक्सिडिल, ट्रॅनेक्झॅमिक, स्पायरोनोलॅक्टोन (ही पण अशीच, बीपी-सुजेची गोळी, बायकांना मुरुमांसाठी देतात, गरोदरपणात चालत नाही), अशांची चिठ्ठी आली की पोरगा पाकिटावर काही लिहायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारतो, नाही कळलं तर क्लिनिकला फोन लावतो. तीन क्लिनिकं आता आपणहून लिहून पाठवतात. एका ठिकाणची रिसेप्शनिस्ट म्हणाली तुम्ही गोळ्या विका नं, बाकीच्या चौकशा कशाला. पोराने ते पण वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

शिक्षिका बाईंची गोळी चालू आहे, केस बरे आहेत आता. त्यांच्या पाकिटावर पोरगा "केस, फक्त सूनबाई" असं लिहितो आणि खाली दोनदा अधोरेखित करतो. सासूबाई मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या दुसऱ्या दुकानातून मागवतात, आणि पाकीट देवघरात ठेवतात म्हणे.

नाव छापू नये ही विनंती, दुकान चालवायचंय.

आपली,
एक औषध विक्रेती, प्रताप नगर, नागपूर

ता.क. ती जाहिरात या रविवारी परत आलीय, पान तेच.